रोज अजिंक्यतारा चढतो, तरी ऑफिसात कंबर धरते. पिलाटेसने फरक पडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात पतसंस्थेत नोकरी, दिवसभर कॉम्प्युटर, सकाळी किल्ल्यावर चालायला जाता, तरी दुपारनंतर कंबर धरते आणि मान आखडते. घरचे म्हणतात पिलाटेस हा व्यायामप्रकार करा, मित्र म्हणतात ते नट्यांचं खूळ. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. या भांडणात मी घरच्यांच्या बाजूने, पण हात राखून.

किल्ला सोडू नका. त्याने दम वाढतो, पाय तयार होतात. पण खुर्चीवाल्याचं दुखणं निराळं. तासन् तास बसून जांघेतले स्नायू आखडतात, कुल्ल्यांचे ढिले पडतात, पाठ वरून वाकते आणि हनुवटी स्क्रीनकडे सरकत जाते. आमच्याकडे मार्केट यार्डात हळदीच्या पेढ्यांवरचे दिवाणजी येतात, साखर कारखान्यांच्या ऑफिसातले येतात. तक्रार तीच, मार्च एंडला जरा जोरात.

पिलाटेसचा भर पोटाच्या सगळ्यात आतल्या, कमरेला पट्ट्यासारखा वेढा घालणाऱ्या स्नायूवर आणि मणक्यांलगतच्या बारीक स्नायूंवर असतो. हातपाय हलत असताना कंबर जागच्या जागी धरून ठेवायची, हे त्यात शिकवतात. जोसेफ पिलाटेस हा १८८३ साली जन्मलेला जर्मन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला छावणीत स्थानबद्ध ठेवलं, तिथेही त्याचे व्यायाम चालूच होते. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्याने स्टुडिओ काढला. स्वतः तो या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. स्प्रिंगा लावलेलं ते रिफॉर्मर नावाचं यंत्र फोटोत छान दिसतं, पण तुम्हाला त्याची गरज नाही. जमिनीवरचं पुरे.

एक व्यायाम नीट सांगतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. कमरेच्या खळग्याखाली एक तळहात सरकवा. आता श्वास सोडत सोडत एक पाय, गुडघा वाकलेलाच ठेवून, मांडी उभी होईपर्यंत उचला. श्वास घ्या, आणि पुन्हा सोडत पाय खाली टेकवा. हातावरचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. दाब हलका झाला की समजा, कंबर वर गेली आणि पोटाने अंग काढून घेतलं. बहुतेक जण इथे श्वास कोंडून धरतात आणि खांदे कानापर्यंत नेतात, दोन्ही टाळा. आलटून पालटून आठ-दहा वेळा, अगदी सावकाश. दिसायला काहीच नाही, पण नीट केलं तर बेंबीखाली थरथर जाणवते.

जोडीला ब्रिज करा, म्हणजे याच स्थितीत कुल्ले हळूहळू उचलून तसेच खाली आणायचे. आणि पालथं झोपून हाताच्या आधाराने छाती थोडी वर; दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला ते हवं असतं. यूट्यूबवर सगळे 'हंड्रेड' नावाच्या व्यायामाने सुरुवात करतात. त्यात डोकं उचलून धरायचं असतं, तुमची मान आधीच दुखतेय, म्हणून सध्या ते नको.

हात राखून का म्हणालो? जुनाट कंबरदुखीवर काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं कमी होतं, असं कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१५ साली काढलेल्या आढाव्यात दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असा ठाम पुरावा त्यात मिळाला नाही. तुम्ही नियमाने सूर्यनमस्कार आणि भुजंगासन करत असाल तर क्लासची फी भरण्याची घाई नको. वजन उतरवायला तर मुळीच नको, त्यासाठी तुमचा किल्ला बरा. माझ्या मते पिलाटेसची खरी कमाई म्हणजे मंदपणा. घाईत उरकलं की त्यात काही राहत नाही.

आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं करा, सतरंजीवर. गादीवर कंबर खचते. आणि ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणायला दोन जाड लेजर बुकं पुरतात, पतसंस्थेत ती काही कमी नसतील.

पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. पाय लुळा वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि घरातल्या कुणाची हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून उठण्या-लोळण्याचे प्रकार त्यांना करू देऊ नका.