साहेब सांगतील तेच घालायचं का?

पहिल्याच नोकरीत हा प्रश्न पडला हे बरं झालं; मला तो नोटीस हातात आल्यावर पडला होता. तर हो, कपड्यांचे नियम करायचा अधिकार बहुतेक देशांत मालकाला असतो, पण तो अमर्याद नाही. सुरुवातीला एवढंच बघ:

– नियम लेखी आहे का? नेमणूकपत्र आधी नीट वाच.
– सुरक्षेसाठी आहे का? हेल्मेट, बूट यांवरून वाद घालूच नकोस.
– धर्म, लिंग किंवा अपंगत्वामुळे तो तुलाच जाचतोय का? खरी मेख इथे आहे. हिजाबमुळे नोकरी नाकारलेल्या तरुणीच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला. उलट, धार्मिक चिन्हांवरची सर्वांना सारखी लागू असलेली बंदी हा थेट भेदभाव नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. तेव्हा आपल्या देशाचा कायदा बघ.

नवखे लोक हमखास एक चूक करतात: नियम पटला नाही की दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोडतात. (मीही टाय न लावता गेलो होतो, मोठा शहाणा!) मग भांडण कपड्यांचं राहत नाही, शिस्तभंगाचं होतं. आधी लेखी सवलत माग, आलेलं उत्तर जपून ठेव. गणवेशाचा खर्च कोणी करायचा, ही भानगड नंतर बघू.