वडिलांच्या घड्याळाची सैल झालेली चेन

प्रश्न : माझे वडील कुवेतला नोकरीला होते. १९८५ साली ते कायमचे गावी परतले, तेव्हा त्यांच्या हातात सिको फाइव्ह हे ऑटोमॅटिक घड्याळ होते आणि गेल्या वर्षी ते वारले तोपर्यंत ते त्यांच्या मनगटावरून फारसे उतरले नाही. घड्याळ आजही चालते. मात्र त्याची स्टीलची चेन इतकी ढिली झाली आहे की ती हातावर गोल फिरते, मनगटावरचे केस ओढते आणि तिचे लॉक मधूनच उघडते. एका दुकानदाराने जुनी चेन मोडीत काढून नवी चकचकीत चेन घालू, शिवाय तबकडी रंगवून आणि बॉडी पॉलिश करून घड्याळ नव्यासारखे करून देऊ, असे सांगितले आहे. मे महिन्यात मुलाच्या लग्नात हे घड्याळ त्याच्या हातात असावे, अशी आईची इच्छा आहे. मागच्या झाकणावर ७००९ हा आकडा असून त्याशिवायचा सहा आकडी क्रमांक ०५ ने सुरू होतो. काय करणे योग्य ठरेल? — एक वाचक, राजापूर

उत्तर : सर्वप्रथम त्या दुकानदाराला तबकडी आणि बॉडी यांना हात लावू नका, असे स्पष्ट सांगा. आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत पुन्हा छापण्याची पद्धत इतकी बोकाळली आहे की परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखतात, आणि हे नाव काही कौतुकाने दिलेले नाही. पॉलिशच्या चाकावर बॉडीच्या रेखीव कडा गोल होतात व त्या पुन्हा आणता येत नाहीत. आपला प्रश्न चेनचा आहे. काम तेवढ्यापुरतेच ठेवावे.

आपण दिलेला क्रमांक बोलका आहे. त्या काळच्या सिको घड्याळांत सहा आकडी क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना दाखवतो. म्हणजे ०५ याचा अर्थ मे १९८० किंवा मे १९९०. वडील १९८५ साली ते घालून परतले असल्यामुळे १९८० हेच खरे. ७००९ हा आतल्या यंत्राचा क्रमांक आहे. आखाती बाजारातली ही घड्याळे बहुधा इंग्रजीसोबत अरबीतही वार दाखवतात. तसा अरबी वार आपल्या घड्याळात उमटत असेल, तर तबकडीखालची ती चकतीसुद्धा जपण्यासारखी आहे. १९६३ साली ही मालिका निघाली तेव्हा ‘फाइव्ह’ या नावामागे पाच गुण सांगितले जात, आणि त्यांपैकी पाचवा गुण होता टिकाऊ बॉडी व टिकाऊ पट्टा. पंचेचाळीस वर्षांनंतर पट्ट्याने हार मानली, म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

चेन ‘ताणली’ जाते असे आपण म्हणतो, परंतु स्टील ताणले जात नाही. त्या काळातल्या बहुतेक चेनच्या कड्या भरीव नसून पातळ पत्रा दुमडून केलेल्या असत. घाम आणि धूळ त्यांत साचून त्यांचा चिखल होतो, तो खरकागदासारखा काम करतो, आणि प्रत्येक जोडावर पत्रा व पिन थोडी थोडी झिजत जाते. घड्याळ चावीची बाजू वर करून आडवे धरा. चेन साधारण सरळ राहिली तर ती ठीक आहे. पिकलेल्या केळीच्या पानासारखी खाली लोंबली, तर झीज पुरेपूर झाली आहे. भरीव कड्यांची चेन कुशल कारागीर छिद्रे भरून पुन्हा घट्ट करू शकतो. दुमडलेल्या पत्र्याच्या चेनवर मात्र हा खर्च सहसा परवडत नाही, आणि पकडीने कड्या दाबून घट्ट करण्याचा उपाय चार महिने टिकतो व खुणा कायमच्या ठेवतो.

तरीही चेन टाकून देण्याआधी ती धुऊन पाहावी. चेन घड्याळापासून वेगळी करावी (घड्याळ पाण्यात मुळीच घालू नये, कारण पाणी अडवणाऱ्या आतल्या जुन्या रबरी कड्यांवर विसंबता येत नाही), कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून ती अर्धा तास बुडवून ठेवावी आणि मऊ दातब्रशने जोडांमधली घाण काढावी. पाण्याचा जो काळपट रंग होतो तो पाहून अनेकांना संकोच वाटतो. तो वाटू नये, कारण तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीच्या घामाचा आहे. लॉक आपोआप उघडते ते बहुतेकदा आतली पत्र्याची जीभ चेपल्यामुळे. ती अनुभवी घड्याळजीने हलकेच वाकवली की पुन्हा धरते, आणि तसे न झाल्यास तेवढ्याच रुंदीचे नुसते लॉकही बदलता येते.

धुतल्यावरही चेन लोंबत असेल, तर माझे मत असे की ती रोजच्या वापरातून काढावी, जपून ठेवावी आणि घड्याळाला दुसरा पट्टा लावावा. त्यासाठी बॉडीच्या ज्या दोन पायांमध्ये चेन बसते त्यांच्यातले अंतर व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजून घ्यावे, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. सिकोच्या या घड्याळांत १८ मिलिमीटरबरोबर १९ मिलिमीटरचे अंतरही पुष्कळ आढळते, आणि दुकानात १९ चा पट्टा सहज मिळत नसल्यामुळे १८ चा लावून ‘बसला की’ असे म्हटले जाते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर फट राहते व पट्टा त्याला बॉडीशी जोडणाऱ्या पिनेवर सरकत राहतो. बॉडीलगतची वळणदार टोके तर प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात. नवी वळणदार चेन घेणार असाल, तर घड्याळ बरोबर नेऊन ती तिथेच बसवून पाहावी. जुन्या चेनवर आतल्या बाजूला छोटा ठसा असतो. त्याच ठशाची न वापरलेली जुनी चेन मिळाली तर उत्तमच, परंतु लग्नाच्या तारखेआधी ती मिळेलच या भरवशावर राहू नये.

कोकणातला पावसाळा पाहता चामड्याचा पट्टा मी सुचवणार नाही. तो जुलैतच बुरसटेल. लग्नाच्या दिवसापुरता चामड्याचा पट्टा शोभून दिसेल, पण नंतर नायलॉनचा अखंड पट्टा लावावा. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली अशा पट्ट्याचे मानक ठरवले. तो दोन्ही पिनांमधून आणि घड्याळाखालून एकसंध जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ हातातच राहते. वडिलांच्या घड्याळाला याहून स्वस्त विमा नाही. पट्टा कोणताही घेतला तरी स्प्रिंगच्या पिना नव्याच घालाव्यात, कारण जुनी घड्याळे जमिनीवर पडतात ती बहुतेकदा गंजलेल्या पिनेमुळे. काढलेली चेन पूर्ण कोरडी करून, सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावी आणि डबीवर घड्याळाचा क्रमांक लिहावा.

प्रश्न : आजीच्या लहान घड्याळाला ताणून हातात घालायची सोनेरी स्प्रिंगची चेन आहे. ती घातली की मला पुरळ उठते. वर पुन्हा मुलामा द्यावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : मुलामा झिजून खालचा धातू त्वचेला लागतो आहे, आणि त्यात निकेल असेल तर पुरळ उठणारच. स्प्रिंगच्या चेनला पुन्हा मुलामा देताना कड्यांच्या आतल्या बारीक स्प्रिंगा बिघडण्याचा धोका असतो व हलत्या जोडांवरचा नवा थरही लवकर उडतो. चेन जशी आहे तशी ठेवून द्यावी आणि घड्याळाला अरुंद कापडी पट्टा लावावा. अशा लहान घड्याळांत पट्टा बसतो त्या दोन पायांमधले अंतर फार कमी असल्याने पट्टा मागवण्याआधी ते मोजून घ्यावे.