नाशिक ते नागपूर विमानाने अंतर किती? ॲप ५५ मिनिटं सांगतं, तिकिटावर पावणेदोन तास, मग खरं काय?

दोन्ही खरं, फक्त दोन्हीकडे वेगळी वेळ मोजलेली आहे.

आधी अंतर. नाशिकचा ओझर विमानतळ साधारण २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व इथे आहे आणि नागपूरचा सोनेगाव २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व इथे. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किमी. म्हणजे पूर्वेकडे ५३५ किमी, उत्तरेकडे १०८ किमी, आणि तिरकं सरळ अंतर ५४५ किमी, म्हणजे जवळपास २९५ सागरी मैल. रेल्वेने हेच नाशिकरोडपासून साधारण ६५० किमी भरतं, शिर्डीमार्गे समृद्धीने ६०० च्या आसपास.

ॲपमधली ५५ मिनिटं म्हणजे ५४५ किमीला जेटच्या वेगाने भागून चढ-उताराची थोडी मिनिटं वर धरलेली. पण लहान विमानतळांमध्ये बऱ्याचदा एटीआर ७२ असतं, पंख्याचं. ते ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं, एअरबसचं जेट ताशी ८०० किमीच्या वर. त्यामुळे एटीआरला हवेतच सव्वा तास धरा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा, तिथेच निम्मं उत्तर मिळतं.

तिकिटावरची वेळ मात्र हवेतली नसते. चाकाखालची ठोकळी काढून विमान हललं तिथपासून नागपूरला जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट बघणं, उतरण्याआधी वळण घेणं सगळं आलं. नागपूरची धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे आणि आपण जवळपास पश्चिमेकडून येतो, म्हणजे वळावं लागतंच. शिवाय ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कारखान्याची. तिथे सुखोई लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणं चालू असली तर प्रवासी विमानाला थांबावं लागू शकतं. कंपन्या या सगळ्यासाठी हात राखून वेळ छापतात.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ५० किमी असेल तर चढ-उताराची मिनिटं सोडून एटीआरला जाताना तासभर लागतो आणि येताना ७३ मिनिटं. परतीचं तिकीट जास्त वेळाचं दिसलं तर घाबरू नका.

आता खरी चूक होते ती ओझरला पोचण्यात. नकाशात 'ओझर' टाकलं की लोक गावात किंवा एचएएलच्या वसाहतीकडे जातात. प्रवासी टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे. नाशिकच्या द्वारका सर्कलवरून आडगाव सोडून पुढे 'दहावा मैल' नावाच्या ठिकाणी डावीकडे वळायचं. शहरातून पाऊण तास ठेवा, द्वारकेच्या सर्कलला संध्याकाळी त्यातले पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, तेव्हा दीड-दोन तास आधी पोचलेलं बरं. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी केबिन ट्रॉली विमानाच्या दाराशी काढून घेतात, म्हणून औषधं, चार्जर, कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवा.

घर ते घर हिशेब धरला तर साडेचार-पाच तास लागतात, गाडीने आठ-नऊ.