सेमिनरीला निघालीस ना, मग हे वाच

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत अ‍ॅडमिशन झाली हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं, मंडळीत पेढेपण वाटले म्हणे. सोबत काय काय न्यायचं त्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीये, दोन बादल्या विसरू नको, पुण्यात जुलैमधे कपडे वाळत नाहीत. हे पत्र मात्र त्या यादीत न बसणाऱ्या गोष्टींचं आहे.

तुला वाटतंय की तिथे गेलं की आपोआप देवाच्या जवळ जाणार. मलाही वाटलेलं. सकाळी चॅपल, मग जुना करार, मग ग्रीक, संध्याकाळी प्रेअर सेल, दिवसभर देवच देव, आणि पहिल्या वर्षीच्या नाताळापर्यंत माझी स्वतःची प्रार्थना बंद पडलेली होती आणि मला पत्ताच नाही. कारण तोंडाने तर चालूच होती ना! हलवायाच्या दुकानात काम करणाऱ्याला काही दिवसांनी गोडाचा वासच येईनासा होतो, तसलं काहीतरी.

कळलं कधी, तर नाताळच्या सुट्टीत. नगरकडच्या एका खेड्यातल्या उपासनेत मी बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5:22 वर बोलले. ग्रीकमधे ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे, नऊ वेगळी फळं नाहीत बरं का, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत एकच फळ आहे वगैरे, चाळीस मिनिटं. मुद्दा बरोबरच होता, आजही तेच सांगेन. पण नंतर एक आजी आल्या आणि म्हणाल्या, पोरी, माझी म्हैस दोन दिवस चारा खाईना, तेवढी प्रार्थना कर. आणि मला शब्दच सुचेनात ग. काहीतरी पुटपुटले, त्यातही ‘सार्वभौम’ शब्द आला. आजींनीच मग शेवटी डोक्यावरचा पदर सावरून दोन वाक्यात ती पुरी केली.

म्हणून पहिलं सांगणं, बायबलचा एखादा भाग असा ठेव की ज्यावर असाइनमेंट नाही, संदेश द्यायचा नाही, मार्क नाहीत. मी स्तोत्रं ठेवली. हिब्रूच्या बाईंनी नंतर तीही सिलॅबसमधे घेतली, तो भाग वेगळा.

दुसरं एका सिस्टरकडून शिकले, रामवाडीच्या कॅथलिक सेमिनरीत लेक्चरला यायच्या त्या. जेझुइट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत आहे. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दिवस मागे फिरवून बघायचा, आधी आभार, मग देवाकडे उजेड मागायचा, मग कुठे घसरलो ते बघायचं, माफी मागायची, आणि उद्याचं एक काहीतरी ठरवायचं. एकच, दहा नाही. आमच्याकडचे एक सिनिअर म्हणाले हे कॅथलिकांचं आहे, आपल्यात नसतं. मी म्हटलं खोटं न बोलणं पण त्यांच्यात आहे, सोडून द्यायचं का?

खोट्यावरून आठवलं, हे तुझ्या आईलापण माहीत नाही. आमची वीकेंड मिनिस्ट्री असायची, मला एका वस्तीतलं संडे स्कूल दिलेलं, दर सोमवारी रिपोर्ट द्यायचा. एका रविवारी मी गेलेच नाही कारण सोमवारी ख्रिस्ती नीतिशास्त्राचा पेपर होता (हस, हस) आणि रिपोर्टमधे लिहिलं, हजर मुलं 18, धडा चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. पेपर फर्स्ट क्लास गेला. तीन आठवडे रोज रात्री तो दिवस मागे फिरवताना त्या रविवारपाशी गाडी अडायची, शेवटी सरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी लेक्चर दिलं नाही, फील्ड वर्कचे मार्क कापले आणि म्हणाले, माझी माफी मागून काय होणार, मुलांना सांग. गेले. एक बारकी पोरगी म्हणाली, ताई आम्ही अकरापर्यंत थांबलो होतो. सद्गुण या विषयावर मी पुष्कळ वाचलंय, अ‍ॅरिस्टॉटल, ऑगस्टीन, अ‍ॅक्वायनस सगळे, पण त्या वाक्याएवढं कुणी शिकवलं नाही.

हॉस्टेलमधे नागालँड, मिझोराम, केरळ, आंध्र, सगळीकडच्या मुली असतील. माझी रूममेट नागा होती, ती आंबवलेल्या सोयाबीनचं अखुनी शिजवायची आणि मी पहिल्याच महिन्यात वासाची तक्रार केली वॉर्डनकडे. मग घरून आईने सुकट पाठवलं आणि त्या बिचारीने नाक न मुरडता माझ्या ताटातलं खाल्लं. आपल्या सुकटाला काय मोगऱ्याचा वास येतो? सहनशीलतेवर मी तेव्हा निबंध लिहीत होते, बहुतेक पंधराशे शब्दांचा.

जमलं तर एखाद्या शनिवारी दौंडची गाडी पकडून केडगावला उतर, मुक्ती मिशन बघून ये. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बाया-पोरी तिथे आणल्या, आणि त्यांचं खाणंपिणं, शाळा, आजारपण हे सगळं सांभाळता सांभाळता हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बाईला वाचता यावं असं. छापण्याचं कामही तिथल्या बायकांनी केलं. 1922 मधे त्या वारल्या, पूर्ण बायबल छापून आलं ते त्यानंतर. अभ्यास आहे म्हणून मेसच्या ड्युटीला दांडी मारावीशी वाटेल ना, तेव्हा मी त्यांची आठवण काढायचे. प्रत्येक वेळी उपयोग झाला असं नाही, दांड्याही मारल्यात.

आणि हो, कोरडं वाटायला लागलं तर लपवू नको, फोन कर, रात्री अकरापर्यंत जागी असते. म्हैस तिसऱ्या दिवशी चारा खायला लागली होती, आजींनी मुद्दाम निरोप पाठवलेला.

तुझी,
मावशी