स्नेअरचा फटका जातो कुठे?

प्रश्न: घरातल्या खोलीत (12 बाय 10 फूट, छत 9 फुटांवर) बँडचे ड्रम्स रेकॉर्ड करतो. स्नेअर (खालच्या बाजूला धातूच्या तारा लावलेला ड्रम) 14 बाय 5.5 इंची. वर एसएम 57 माइक, खाली दुसरा माइक आणि दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर लावलेले माइक). खोलीत कडक वाजणारा स्नेअर रेकॉर्डिंगमध्ये डबड्यासारखा येतो. कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 1 मिलिसेकंद, रेशो (दाबण्याचं प्रमाण) 8:1 ठेवूनही पंच नाही. 5 किलोहर्ट्झ वाढवले की हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) टोचते. काय करावं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: पंच तुमचा कॉम्प्रेसरच खातोय. काठी पडल्यानंतरचे पहिले काही मिलिसेकंद म्हणजेच फटका. 1 मिलिसेकंदाचा अटॅक नेमका तोच दाबतो आणि मागची गुंज वर आणतो. अटॅक 15 ते 25, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) 80 ते 120 मिलिसेकंद, रेशो 4:1 ठेवा. मोठ्या ठोक्यावर 4 ते 6 डेसिबल कपात पुरे. पुढच्या ठोक्याआधी कपातीचं मीटर शून्यावर परतत नसेल, तर रिलीज कमी करा.

त्याहीआधी खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) बटणाने उलटवून ऐका. काठी पडते तेव्हा वरचं पान (ड्रमवर ताणलेला पडदा) माइकपासून दूर जातं, खालचं आपल्या माइककडे येतं. दोन्ही सिग्नल परस्परविरुद्ध आणि अंग गायब. बटण दाबल्यावर आवाज भरला, तर निम्मं काम झालं. खालचा माइक वरच्यापेक्षा बराच हळू ठेवा, त्याचं काम फक्त तारांची सळसळ देणं.

आता छत. ओव्हरहेड छतापासून 2 फुटांवर असेल, तर परावर्तित आवाज 4 फूट जास्त चालून सुमारे 3.5 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि 140, 420, 700 हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज घटतो. तो डबडेपणा बऱ्याच अंशी इथून येतो आणि इक्वलायझरने (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो खड्डा भरत नाही. गोधड्या टांगून फक्त वरचे सूर मरतात. 4 इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचं) पॅनल ड्रम्सच्या वर, छताशी थोडी फट ठेवून लावा. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. सुतळीने मोजा, नजरेवर विसंबू नका.

हाय-हॅटचं उत्तर माइकच्या पाठीत आहे. एसएम 57 कार्डिऑइड आहे, म्हणजे नेमकं मागून येणारं सगळ्यात कमी ऐकतो. तो रिमच्या (ड्रमच्या कड्याच्या) इंच-दीड इंच वर, मध्याकडे रोखलेला, आणि शेपूट हॅटकडे. ट्रॅकवर कॉम्प्रेसरच्या आधी गेट (ठोक्यांमधला हळू आवाज दाबणारं साधन) लावा, पण पूर्ण बंद होणारा नको. 8 ते 10 डेसिबल खाली आणला की पुरे, नाहीतर घोस्ट नोट्स (अगदी हळू वाजवलेले ठोके) जातील. मग इक्वलायझरवर 450 हर्ट्झजवळ 3 डेसिबल कापा, 200 जवळ 2 वाढवा आणि 5 किलोहर्ट्झ त्यानंतरच.

एवढं करूनही फटका मऊच राहिला तर दोष ड्रमचाच. समोरासमोरच्या लगवर (पान ताणणाऱ्या स्क्रूंवर) पाव-पाव फेरा देत पान एकसारखं ताणा, प्रत्येक लगपाशी टिचकी मारून सूर जुळवा. तारा फार आवळल्या की आवाज घुसमटतो.

प्रश्न: पावसाळ्यात ढोलकी उतरते, तसा स्नेअरही उतरतो का? शिवाय बास गिटार वाजली की तारा गुणगुणतात.
– एक वाचिका, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ढोलकीचं चामडं ओल धरतं, स्नेअरचं पान प्लॅस्टिकचं, त्याला दमटपणाचं फारसं सोयरसुतक नाही. एसी लावून बंद केल्याने मात्र सूर हलतो, म्हणून खोली थंड झाल्यावरच ट्यूनिंग करा. गुणगुणण्यासाठी खालच्या पानाचे तारांच्या दोन्ही टोकांलगतचे चार लग किंचित सैल करा. आवाज थोडा राहीलच. स्नेअर वाजत नाही त्या भागात थ्रो-ऑफ (तारा सोडण्याचा खटका) खाली करून तारा सोडून द्या.