माद्रिदहून एका दिवसात आविला बघून होईल का? सोबत आई-बाबा आहेत.

होईल. चामार्तीन स्टेशनवरून गाडीने दीड-दोन तास लागतात. पण माझं ऐकाल तर एक रात्र तिथे राहाच, कारण खरं आविला संध्याकाळी दिसतं. मी आईला घेऊन गेले होते आणि आमचा मुक्काम होता म्हणूनच ते बघायला मिळालं.

गावाच्या पश्चिमेला, आदाखा नदीपलीकडे 'क्वात्रो पोस्तेस' नावाची टेकडी आहे. वर चार खांब आणि मधे दगडी क्रूस. उन्हं कलायच्या आधी आई-बाबांना टॅक्सीने तिथे न्या. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोर जुन्या गावाभोवतीची अख्खी तटबंदी उजळते. अडीच किलोमीटरचा घेर, ऐंशीच्या वर बुरूज, नऊ वेशी, आणि हे सगळं अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं! आपल्याकडे तटाचा एखादा तुकडा शाबूत दिसला तरी जीव हरखतो. इथे कुठेच खिंडार नाही. सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत तेरेसा याच गावची. सात वर्षांची असताना हौतात्म्य पत्करायला म्हणून ती भावाला घेऊन घरातून पळाली आणि काकाने तिला या टेकडीवर गाठलं, असं सांगतात. (गोव्याचे सेंट झेवियर आणि ती, दोघांना संतपद एकाच दिवशी मिळालं, 12 मार्च 1622.)

तटावर तिकीट काढून चालता येतं, पण पायऱ्या उंच आहेत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघी खालीच थांबलो. तिनेच मला पूर्वेकडच्या भिंतीतले काही वेगळे दगड दाखवले. चिऱ्याच्या मधोमध चौकोनी खळगा कोरलेला. रोमन लोक त्यात मृताची रक्षा ठेवत. पुढे तट बांधताना जुन्या स्मशानातले ते दगडही चिणले. वर गेले असते तर हे माझ्या नजरेतून सुटलंच असतं. जवळच कॅथेड्रल आहे, त्याची मागची गोलाकार बाजू म्हणजे तटाचाच एक बुरूज. आत नक्की जा, तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो दगड मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही.

गाव 1,100 मीटरपेक्षा उंचावर आहे. मे महिन्यातही संध्याकाळी आम्हाला शाली लागल्या, तेव्हा गरम कपडे घ्याच.

शाकाहारी असाल तर इथली प्रसिद्ध पांढऱ्या घेवड्याची उसळ विचारल्याशिवाय मागवू नका, तिच्यात डुकराचं मांस असतं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, हॅमही नको असं वेगळं सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन'. अंडं चालत असेल तर 'येमास' घ्या. पिवळ्याधमक बलकाचे, साखरेत घोळवलेले छोटे गोळे, एकेका कागदी वाटीत. वरून किंचित कुरकुरीत, आत लोण्यासारखे मऊ. डझनाचा डबा आम्ही मुक्कामावर पोचेपर्यंत अर्धा संपवला होता.