प्रोफायलरच्या फाइलचा हेडर कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की स्वतःच्या प्रोफायलरचा (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाचा) डेटा फाइलमध्ये लिहायचाय, तर हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या ओळख-माहितीत, काय काय ठेवायचं. नव्याने डोकं खाजवण्याआधी लिनक्सच्या 'पर्फ' या प्रोफायलरची फाइल बघा.

तिच्या सुरुवातीचे ८ बाइट म्हणजे 'पर्फाइल२' ही खूण (फाइलमध्ये रोमन अक्षरांत). ती ६४ बिटांचा आकडा म्हणून वाचायची. उलटी दिसली, तर फाइल उलट्या बाइटक्रमाच्या मशीनवर लिहिली गेलीय, हे लगेच कळतं. वेगळा फ्लॅग लागत नाही. मला हे फार आवडतं. त्यानंतर हेडरची स्वतःची लांबी. ही हवीच! उद्या फील्ड वाढली, तर जुन्या-नव्या फाइली ओळखायच्या कशा? मग फाइलच्या प्रत्येक विभागासाठी ऑफसेट (तो कितव्या बाइटपासून सुरू होतो) आणि साइझ, आणि शेवटी २५६ बिटांचा नकाशा: होस्टनेम, सीपीयूची माहिती वगैरे जादा गोष्टींपैकी काय आहे नि काय नाही. सगळं मिळून १०४ बाइट. जादा माहिती स्वतः डेटाच्या मागे असते.

एक खाच मात्र आहे. डेटाची साइझ रेकॉर्डिंग संपल्यावर मागे जाऊन भरली जाते. मध्येच प्रोसेस किल झाली की तिथे शून्य राहतं आणि वाचताना पर्फ कुरकुरतो. म्हणून प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावर त्याची लांबी ठेवा, म्हणजे अर्धवट फाइलही वाचता येते.

डेटा पाइपमधून (फाइल न बनवता थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे) पाठवणार असाल, तर मागे जाणं शक्यच नाही. तिथे पर्फ फक्त खूण आणि लांबी असा १६ बाइटांचा हेडर लिहितो, बाकी सगळं रेकॉर्ड म्हणून.